'द हसलर' एकाला थोर आणि दुसऱ्याला लांबलेला का वाटतो?

२०२० साली 'द क्वीन्स गॅम्बिट' ही बुद्धिबळावरची मालिका आपल्याकडेही खूप पाहिली गेली. ती वॉल्टर टेव्हिस या अमेरिकन लेखकाच्या १९८३ मधल्या कादंबरीवर बेतलेली आहे. मालिका संपल्यावर या लेखकाचं आणखी काय आहे, हे शोधत मागे गेलं की त्याची पहिली कादंबरी सापडते. १९५९ सालची ही कादंबरी, आणि तिच्यावर १९६१ साली आलेला कृष्णधवल चित्रपट 'द हसलर'. दिग्दर्शक रॉबर्ट रॉसेन आणि 'पूल' हा टेबलावरचा खेळ खेळणाऱ्या एडी फेल्सनच्या भूमिकेत पॉल न्यूमन.

इथे गोंधळ सुरू होतो. हा चित्रपट १९९७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन केलेला आहे. २००८ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं खेळांवरच्या दहा सर्वोत्तम अमेरिकन चित्रपटांची यादी केली, त्यात तो सहावा होता. एवढं वाचून माणूस उत्सुकतेनं पाहायला बसतो. पहिला अर्धा तास श्वास रोखून बघतो. मग खेळ थांबतो, एक प्रेमप्रकरण सुरू होतं आणि तासभर टेबलाकडे फारसं कोणी फिरकत नाही. 'सुरुवात आणि शेवट जबरदस्त, मधला भाग कशाला?' अशी तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की ती नीट उलगडून पाहावीशी वाटली. कारण माझ्या मते हा चित्रपट त्या मधल्या भागातच घडतो. (पुढे शेवटासकट सगळी कथा येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.)

आधी खेळ समजून घेऊ

चित्रपटात खेळतात तो 'स्ट्रेट पूल'. सहा पॉकेट असलेलं टेबल, पंधरा क्रमांकित बॉल आणि एक पांढरा बॉल. पांढऱ्याला क्यूनं, म्हणजे लांब काठीनं मारायचं आणि त्यानं दुसरा बॉल पॉकेटमध्ये घालायचा. कोणता बॉल कुठल्या पॉकेटमध्ये जाणार, हे मारण्याआधी सांगावं लागतं. प्रत्येक बॉलला एक गुण. चौदा बॉल गेले की ते पुन्हा रचतात, पंधरावा जागेवरच राहतो आणि खेळ पुढे चालू. ठरलेल्या गुणसंख्येला जो आधी पोहोचेल तो जिंकतो.

यातला महत्त्वाचा भाग असा, की जोवर तुमचा नेम चुकत नाही तोवर पाळी तुमचीच. चित्रपटाचे तांत्रिक सल्लागार विली मॉस्कोनी हे या खेळातले दिग्गज. त्यांनी १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका दमात सलग ५२६ बॉल घातले होते. तेवढा वेळ समोरच्यानं काय करायचं? खुर्चीत बसून बघत राहायचं. कुस्ती किंवा टेनिससारखा प्रतिकार इथे करता येत नाही. आपला पराभव आपल्या डोळ्यांसमोर होत असतो आणि आपण नुसते बसलेले असतो. या खेळात हातापेक्षा मन आधी का तुटतं, ते या नियमावरून कळतं.

आता हसलर म्हणजे कोण? गल्लीतल्या कॅरम क्लबमध्ये एखादा अनोळखी मुलगा येतो, सोपी सोंगटी चुकवतो, दोन बोर्ड हरतो, चिडल्याचं दाखवतो आणि म्हणतो, 'आता पैसे लावून खेळू.' मग त्याचा स्ट्रायकर चुकतच नाही. आपलं कसब लपवून समोरच्याला पैजेत ओढणारा हा माणूस. चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात एडी आणि त्याचा साथीदार चार्ली एका छोट्या बारमध्ये नेमकं हेच करतात.

कथा थोडक्यात

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा एडी देशातल्या सर्वोत्तम समजल्या जाणाऱ्या मिनेसोटा फॅट्सला हरवायला न्यूयॉर्कच्या एम्स पूल हॉलमध्ये येतो. सामना पंचवीस तास चालतो. एडी अठरा हजार डॉलरनं पुढे जातो, पण उठत नाही. फॅट्स स्वतः संपलं म्हणेपर्यंत त्याला थांबायचं नसतं. दारूच्या नशेत तो सगळं घालवतो आणि हातात दोनशे डॉलर उरतात.

बस स्थानकावर त्याला सारा भेटते. ती लंगडत चालते, खूप पिते, आठवड्यातले दोन दिवस कॉलेजला जाते. दोघं एकत्र राहू लागतात. इकडे बर्ट गॉर्डन हा सट्टेबाज एडीच्या खेळावर पैसे लावायला तयार होतो, पण जिंकलेल्यातले पंच्याहत्तर टक्के त्याला हवे असतात. एडी आधी नाही म्हणतो. मग दुसऱ्या एका अड्ड्यावर त्याची लबाडी उघडी पडते आणि तिथले लोक त्याचे दोन्ही अंगठे मोडतात. बरा झाल्यावर तो बर्टची अट मान्य करून सारासह केंटकीतल्या लुईव्हिलला जातो. तिथे तो जिंकतो आणि तिथेच सारा आत्महत्या करते. शेवटी एडी पुन्हा फॅट्ससमोर उभा राहतो आणि त्याला हरवतो.

लुईव्हिलच्या प्रसंगात आपल्याकडच्या प्रेक्षकाची एक हमखास गफलत होते. तिथला श्रीमंत यजमान पूल खेळत नाही. त्याचं टेबल बिनपॉकेटचं आणि बॉल तीन. त्याला ते लोक बिलियर्ड्स म्हणतात. आपल्याला माहीत असलेलं बिलियर्ड्स वेगळं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी १९५८ साली कोलकात्यात ज्या खेळाचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं, त्यातही बॉल तीनच, पण टेबलाला पॉकेट असतात. एडीला लुईव्हिलमध्ये स्वतःचा नसलेला खेळ खेळावा लागतो, हे लक्षात आलं की तो सुरुवातीला का चाचपडतो ते समजतं.

१९६१ मध्ये समीक्षक काय म्हणाले?

आज वाटतं की समीक्षकांनी एकमुखानं कौतुक केलं आणि सामान्य प्रेक्षक तेवढा नाराज झाला. तसं झालेलं नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं चित्रपटाच्या ताकदीची मनापासून दाद दिली, पण तो मध्येच थोडा भरकटतो आणि एडी-साराचं प्रेम काहीसं ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, हेही लिहिलं. 'व्हरायटी'नं सगळ्या प्रमुख कलाकारांची स्तुती केली, पण लांबी फार झाली आणि कथेतल्या ओंगळपणामुळे निखळ करमणूक उरत नाही, असं म्हटलं. 'द न्यू रिपब्लिक'च्या स्टॅन्ले कॉफमननी अभिनय आणि दिग्दर्शन वाखाणलं. पटकथा मात्र अर्थाचा आव आणते, असं त्यांचं मत पडलं.

म्हणजे आजचा प्रेक्षक जे बोलतो ते त्या काळच्या परीक्षणांत छापून आलेलं आहे. मधला भाग कंटाळवाणा वाटला म्हणून आपल्याला सिनेमा कळत नाही, असं कोणी समजू नये. ही दुखरी जागा चित्रपटात पहिल्या दिवसापासून आहे.

पुरस्कारांतही असाच दुभंग दिसतो. ऑस्करची नऊ नामांकनं मिळाली, त्यांत न्यूमन, साराची भूमिका करणारी पायपर लॉरी, फॅट्स झालेला जॅकी ग्लीसन आणि बर्ट झालेला जॉर्ज सी. स्कॉट असे चौघे होते. चौघांपैकी एकालाही पुरस्कार मिळाला नाही. स्कॉटनं तर नामांकनच नाकारलं होतं. कृष्णधवल छायालेखन आणि कलादिग्दर्शन हे दोनच ऑस्कर पदरात पडले. त्या वर्षी 'वेस्ट साइड स्टोरी'नं दहा ऑस्कर नेले. ब्रिटनमध्ये मात्र बाफ्टानं सर्वोत्तम चित्रपटाचा मान सोव्हिएत 'बॅलड ऑफ अ सोल्जर'बरोबर विभागून 'द हसलर'ला दिला आणि न्यूमनला सर्वोत्तम परदेशी अभिनेता ठरवलं.

'मधला भाग काढला तर काय बिघडेल?'

शेवट समजणार नाही, एवढं बिघडेल.

पहिल्या सामन्यातल्या एका क्षणाकडे नीट बघा. रात्र उलटून गेली आहे, फॅट्स हरतो आहे. तो न्हाणीघरात जातो, तोंड-हात धुतो, हातांना पावडर लावतो, कोट घालतो आणि ताजातवाना होऊन परततो. एडी खुर्चीत लोळून हसतो आहे. त्या क्षणी सामना फिरतो. कौशल्यात एडी कुठेच कमी नाही, हे तोवर सिद्ध झालेलं असतं. बर्ट नंतर त्याला तेच सुनावतो: गुण तुझ्याकडे आहेत, पण माणूस म्हणून तुझ्यात काही कमी आहे, तू हरणाराच. एडीला स्वतःला पडताळून पाहायला या चित्रपटात मिळालेली ही पहिली फूटपट्टी. ती पैशाची आहे. जो पैसे घेऊन उठतो तो जिंकणारा.

दुसरी फूटपट्टी सारा देते, आणि ती मधल्या भागातच मिळते. अंगठ्यांना प्लास्टर असताना दोघं सहलीला जातात. एडी तिला सांगतो की खेळ जमून येतो तेव्हा क्यू हाताचाच भाग होतो, त्या लाकडात नसा असल्यासारख्या वाटतात, बॉल न बघताही तो कुठे जाणार ते कळतं. पैशाचा त्यात उल्लेख नाही. सारा त्याला सांगते की तू हरणारा नाहीस, कित्येकांना कुठल्याच कामात असं कधी वाटत नाही. न्यूमनचा चेहरा त्या प्रसंगात जसा उजळतो तसा संपूर्ण चित्रपटात एकदाही उजळत नाही, फॅट्सला हरवतानासुद्धा. मला हा त्याच्या कारकिर्दीतला फार मोठा प्रसंग वाटतो.

आता हा भाग कापून बघा. राहतं काय? एक तरुण हरला, शिस्त शिकला, परतून जिंकला. म्हणजे बर्टचं म्हणणं खरं ठरलं. साराचा तास आपण बघितलेला असतो म्हणूनच शेवटच्या विजयाची किंमत आपल्याला कळते.

लांबीची तक्रार मी पूर्ण नाकारत नाही. १३४ मिनिटं जास्त वाटतात. साराच्या खोलीतले एकदोन प्रसंग एकच गोष्ट दोनदा सांगतात. पण थोडा सैल असलेला भाग आणि अनावश्यक भाग यांत फरक आहे.

'गुण दिसत नाहीत, कोण पुढे ते कळत नाही'

क्रिकेट बघणाऱ्या आपल्या डोळ्याला धावफलक लागतो. इथे तो जवळजवळ नाही. रॉसेननं आणि संकलक डीडी ॲलननं सामना गुणांत मांडलाच नाही. क्यूचा आवाज, सिगारेटचा धूर, बघणाऱ्यांचे चेहरे, घड्याळ, एकात एक मिसळत जाणारी दृश्यं. पंचवीस तासांचा थकवा काही मिनिटांत आपल्या अंगात उतरतो. स्कोअर हवा असेल तर खुर्चीकडे बघा. कोण बसलं आहे आणि कसं बसलं आहे, यावरून सामना वाचता येतो.

चित्रपट सिनेमास्कोपमध्ये आहे, म्हणजे पडदा रुंदीला उंचीच्या दुपटीहून जास्त. त्या काळी हा आकार मोठ्या रंगीत देखाव्यांसाठी प्रसिद्ध होता. छायालेखक ऑयगेन शुफ्टान यांनी तो धुरकट, बुटक्या छताच्या खोलीत वापरला. शुफ्टान मूळचे जर्मनीतले. १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'मधली भव्य शहरं उभी करताना वापरलेली आरशांची युक्ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. इथे त्या रुंद चौकटीत पूलचं लांब टेबल नेमकं बसतं आणि एका टोकाला खेळणारा व दुसऱ्या टोकाला बसलेला, दोघं एकाच वेळी दिसतात. मोबाइलवर हा चित्रपट निम्माच पोहोचतो. शक्य असेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा.

'साराला मारायची गरज होती का?'

ही हरकत मला सगळ्यांत गंभीर वाटते. एका पुरुषाला शहाणपण यावं म्हणून एका बाईनं मरायचं, ही रचना जुनी आहे आणि ती खटकलीच पाहिजे. टेव्हिसच्या कादंबरीत सारा मरत नाही. तिचा मृत्यू रॉसेन आणि सिडनी कॅरल यांच्या पटकथेत आला. म्हणजे तो कथेला अटळ नव्हता, ती पटकथाकारांची निवड होती.

या निवडीचं पूर्ण समर्थन मला करता येत नाही. पण पायपर लॉरीनं सारा नुसती बळी होऊ दिलेली नाही, हे सांगायलाच हवं. एडीच्या भोवती कसलाही डाव खेळत नसलेलं माणूस ती एकटीच, आणि बर्ट काय चीज आहे हे तिलाच आधी दिसतं. लहानपणी झालेल्या पोलिओबद्दल ती आधी खोटं बोलते, दारूबद्दल लपवत नाही, आणि एडीनं आपल्याला प्रेमाचा शब्द द्यावा एवढंच मागते. तो देत नाही. मरण्याआधी ती आरशावर लिपस्टिकनं स्वतःबद्दल जे लिहिते त्यात बर्टच्या जगाची भाषा तिच्या आत किती खोल शिरली होती ते दिसतं. यानंतर लॉरी १९७६ च्या 'कॅरी'पर्यंत मोठ्या पडद्यावर परतली नाही. न्यूमनच्या नावापुढे तिचं काम अजूनही झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

'जिंकला, मग शेवट असा का?'

शेवटच्या सामन्यात एडी आपल्याकडचे तीन हजार डॉलर एकदम लावतो आणि फॅट्स अखेर हार मान्य करून थांबतो. इथे आनंदाचा क्षण यायला हवा. त्याऐवजी बर्ट आपला वाटा मागतो. तो देणार नाही असं एडी ठामपणे सांगतो, कारण ते पैसे दिले तर साराचं मरण फुकट जाईल. बर्ट त्याला जाऊ देतो, पण एका अटीवर: कुठल्याही मोठ्या पूल हॉलमध्ये पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. एडी आणि फॅट्स एकमेकांच्या खेळाला दाद देतात आणि एडी निघून जातो.

साराच्या फूटपट्टीनं तो जिंकला, कारण तो कोणाच्या मालकीचा उरला नाही. पण ज्या एका कामात त्याला जिवंत वाटत होतं ते कायमचं गेलं. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टनी या चित्रपटाला आपल्या 'ग्रेट मूव्हीज' लेखमालेत जागा दिली. जिंकायचं तर काही सोडावं लागतं, हे असं उघड दाखवणारे खेळपट फार थोडे आहेत.

काही समीक्षक इथे दिग्दर्शकाच्या आयुष्याकडे बोट दाखवतात. अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे रॉसेननं १९५१ मध्ये इतरांची नावं सांगायला नकार दिला. त्याचं काम बंद झालं. १९५३ मध्ये तो पुन्हा समितीपुढे गेला आणि त्यानं पन्नासहून अधिक नावं दिली. काम परत मिळवण्यासाठी काय विकलं, हा प्रश्न त्याच्यासाठी कागदावरचा नव्हता. चित्रपट म्हणजे दिग्दर्शकाची कबुली, असा सरळ हिशेब मी मांडणार नाही. पण सत्ता हातात असलेल्या बर्टसमोर 'नाही' म्हणणारा एडी पाहताना ही माहिती असेल, तर त्या प्रसंगाचं वजन वाढतं.

खऱ्या पूल खेळाडूंना काय वाटलं?

त्यांची प्रतिक्रिया दुहेरी होती. मॉस्कोनींना आपला खेळ नीटनेटक्या पोशाखात, सभ्य लोकांत खेळला जावा असं वाटे, आणि चित्रपटानं दाखवला तो धूर, दारू आणि मोडलेली बोटं. पण याच चित्रपटामुळे ओसरत चाललेल्या खेळात अमेरिकेत पुन्हा जान आली. ग्लीसन स्वतः पट्टीचा खेळाडू होता, न्यूमनला मॉस्कोनींनी शिकवलं, आणि काही अवघड फटक्यांना पडद्यावर दिसणारे हात मॉस्कोनींचेच आहेत.

रुडॉल्फ वॉन्डरोन हा खरा हसलर तोवर 'न्यूयॉर्क फॅट्स' म्हणून ओळखला जाई. चित्रपट गाजल्यावर त्यानं जाहीर केलं की मिनेसोटा फॅट्स मीच. ते पात्र आपण कल्पनेनं रचलं, असं टेव्हिस शेवटपर्यंत सांगत राहिला, पण नाव वॉन्डरोनलाच चिकटलं. १९७८ मध्ये तो आणि मॉस्कोनी दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले, प्रचंड प्रेक्षकवर्गानं ते पाहिलं, आणि मॉस्कोनी जिंकले.

पुढचा भाग आधी पाहिला तर चालेल का?

१९८६ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीनं 'द कलर ऑफ मनी' केला आणि एडीच्याच भूमिकेसाठी न्यूमनला अखेर सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. पंचवीस वर्षं उशिरा केलेली ती भरपाई होती, असं आजही अनेक जण म्हणतात. तो चित्रपट रंगीत आहे, वेगवान आहे, सोबत तरुण टॉम क्रूझ आहे, त्यामुळे आधी तोच पाहायचा मोह होतो. पण त्यात एडी दारूचा विक्रेता झालेला आहे, एका गुणी पोराच्या खेळावर पैसे लावतो आणि जिंकलेल्यातले साठ टक्के स्वतःकडे ठेवतो. १९६१ चा बर्ट गॉर्डन ज्यानं पाहिलेला नाही, त्याला हा एडी नुसता चलाख म्हातारा वाटेल. म्हणून आधी 'द हसलर', मधल्या तासासकट, आणि मगच दुसरा.